अर्नेलच्या बदल्यात

अर्नेल दिला, वर जर्सींच्या दोन बॅगा दिल्या,
आणि हा पोरगा आणला.
मुंतसिर. खार्टूमचा. वय वीस. उंची दारात वाकण्याइतकी.
"नावाचा अर्थ जिंकणारा," काझी म्हणाले,
चहात फुंकर घातली, आणि मग,
"नाव आईबाप ठेवतात. त्यात पोराचा काय दोष."

सहा शुक्रवार झाले.
अकरा गुण. सहा सामन्यांत मिळून अकरा.
अर्नेल एका रात्रीत वीस टाकायचा
आणि वर सगळ्यांना घरून आणलेल्या शेवया खाऊ घालायचा,
हे तिरोडकर दर शुक्रवारी सांगतो,
शेवयांवर जरा जास्तच जोर देऊन.

हिद्दला ड्राय डॉकच्या मागे आमचं मैदान.
ऑगस्टात रात्री नऊलाही हवा
ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते.
चष्म्यावर वाफ धरते, म्हणून काझींना अर्धा खेळ
ऐकूनच कळतो.
कडीला लागला की ठण्ण.
फळीला लागला की धप्प.
जाळीचा आवाज
या पोराच्या वाट्याला अजून फारसा आलेला नाही.

सामना संपला की कुंजुमोनच्या कॅफेटेरियात
दुसरं कोर्ट भरतं.
शंभर फिल्सचा करक, आरोपी गैरहजर.
"नुसती उंची आहे. उंची खजुराच्या झाडालाही असते."
"खजूर निदान फळ देतो."
"सातव्या वर्षी देतो, तिरोडकर. सातव्या."
"तोवर माझा व्हिसा संपेल."
सगळे हसले.
मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

प्रमिला मेश्राम नाइट ड्यूटीच्या आधी येते, युनिफॉर्मवर.
नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये होती, गुडघा जाईपर्यंत.
तिनं मिठाची डबी सरकवली, टूथपिकचा डबा सरकवला,
माझा ग्लास घेतला, मी पीत असताना.
"हा इथे उभा. यानं पास दिला इथे.
इथे कोण होतं?"
कोणी नव्हतं.
"काहून नव्हतं?"
टेबलावरच्या त्या रिकाम्या जागेकडे
आम्ही पाचजण बघत राहिलो,
चहाचा एक गोल डाग होता तिथे.
"तो नाही चुकत. तो आधी पोचते, तुमचे बाकीचे चौघं मागून."
"चौघं उशिरा आणि हा एकटा वेळेवर?" तिरोडकर म्हणाला,
"माझा मुलगाही शाळेत हेच सांगतो."

काझींनी हिशेब मांडला. अकाउंटंट माणूस.
अर्नेल छत्तीसचा, पाठ दुखते, डिसेंबरात कायमचा घरी जाणार.
हा वीसचा.
"म्हणजे फायदा?"
"फायदा म्हणत नाही मी. येणे बाकी म्हणतो."
"बुडीत खात्यालाही आधी येणे बाकीच म्हणतात, काझीसाहेब."

मी बोललो नाही.
मलाही एका कंपनीनं दुसरीला दिलं होतं,
दोन वेल्डरच्या बदल्यात,
कागदावर लिहिलं होतं, एसी मेकॅनिक, अनुभवी.
पहिले तीन कॉम्प्रेसर जाळले मी.
चौथ्याचं काय झालं आठवत नाही,
म्हणजे चालला असावा.

अकराला वॉचमन मैदानाचे दिवे बंद करतो.
कॅम्पच्या खिडकीतून तरी ऐकू येतंच.
अंधारात कोणीतरी चेंडू आपटतंय.
ठण्ण.
धप्प.
ठण्ण.
मग नुसता चेंडूच जमिनीवर पडल्याचा आवाज,
त्याच्या आधी काहीच नाही.
आणि पुन्हा एकदा तसंच.

जाळीचा आवाज इतका बारीक असतो
की एसी चालू असताना तो कळत नाही.
मी उठलो आणि एसी बंद केला.

पाच मिनिटांत उशी भिजली.
वरच्या बंकवरून तिरोडकर कुरकुरला,
"मेला का रे एसी? मेकॅनिकच्या खोलीत?"
"गप. ऐक."
तो कूस बदलून भिंतीकडे झाला.
मला वाटलं, झोपला.

बऱ्याच वेळानं, भिंतीकडूनच,
"किती झाले?"